दादाचा खेकडा

शीर्षक वाचून ज्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल त्यांची आधीच माफी मागतो. आमच्या भातसेत खेकडे मिळतात हे खरं, पण आजचा खेकडा पत्र्याचा आहे. गेले काही महिने तो माझ्या माडीवरच्या खोलीत मुक्कामाला आहे आणि त्याला बसवायचं कुठे यावरून घरात बरंच रामायण झालं.

जे आमच्याकडे खडवलीला येऊन गेलेत त्यांना ती खोली माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. २००९ साली मी शाळेतून निवृत्त झालो. पुढच्या वर्षी एका लग्नाला पुण्याला गेलो असताना कोथरूडचं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघितलं. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेला छंद तिथे मांडलेला आहे. गाड्या, सिग्नल, रस्ते, घरं, सगळं एका मापाचं, १:८७. साठीच्या घरात आलेला मी, लहान मुलांच्या रांगेत घुसून उभा राहिलो. बरोबरची मंडळी खाली जाऊन चहा पिऊन परत आली तरी मी तिथेच.

घरी आलो आणि आठ फूट बाय चार फुटांचं प्लायवूड आणलं. त्यावर आमचं खडवली स्टेशन करायचं ठरवलं. दोन फलाट, पादचारी पूल, तिकीटघर, एका कोपऱ्यात भातसा नदी आणि तिच्या काठच्या दगडांवर सहलीला आलेली मंडळी. सौ. या खोलीला 'बालवाडी' म्हणते. म्हणू दे.

आता इंजिनांची हकिगत. आपल्याकडच्या घरांचं आजकाल जे झालंय तेच माझ्या लेआउटचं झालं. मुलगा न्यू जर्सीला, त्याने अमेरिकन डिझेल इंजिन पाठवलं. मुलगी लेस्टरला, तिने इंग्लंडचं छोटं, हिरवं वाफेचं इंजिन आणलं. दोन्ही माझ्या रुळांवर झोकात धावली. मला वाटलं, झालं, एकाच मापाची आहेत.

ती तशी नव्हती. अमेरिकेचं इंजिन एचओ, म्हणजे १:८७. इंग्लंडचं ओओ, म्हणजे १:७६. दोघांचे रूळ मात्र एकच, १६.५ मिलिमीटरचे. हे त्रांगडं शंभर वर्षांपूर्वीचं. आधी 'ओ' नावाचं मोठं माप होतं. त्याच्या निम्मं ते एचओ. पण इंग्लंडमधली खरी इंजिनं अंगाने लहान, कारण तिथले जुने बोगदे आणि पूल अरुंद. त्यांची १:८७ प्रतिकृती केली तर त्या काळची मोटर आत मावेना. मग रूळ तेच ठेवले आणि वरचा देह फुगवून १:७६ केला. शर्ट मोठा शिवला, चपला त्याच ठेवल्या.

गंमत अशी की यामुळेच माझी दोन इंजिनं शेजारी उभी केली तर कुणाला काही खटकत नाही. अमेरिकन डिझेलची खरी उंची साधारण ४.७ मीटर, ८७ ने भागली की ५४ मिलिमीटर येते. इंग्लंडचं मोठ्यात मोठं इंजिन ३.९५ मीटरच्या आसपास, ७६ ने भागलं की ५२. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेली दोन माणसं जवळजवळ सारख्याच उंचीची निघाली! त्यामुळे तीन-चार वर्षं मी समाधानात होतो.

एकमेकांशी जोडताना मात्र पंचाईत झाली. अमेरिकन कपलिंग बोटांत बोटं अडकवल्यासारखं, इंग्लिश आकड्याचं. इकडचं इंजिन तिकडचे डबे ओढेना. शेवटी एका मालडब्याला एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते कपलिंग बसवलं. त्या डब्याचं नाव मी 'दुभाषी' ठेवलं आहे. सुट्टीत नातवंडं जमली की घरात ते काम सौ. करते.

यंदा जुलैत लेस्टरचा नातू ईशान महिनाभर राहायला आला. वय अकरा. पहिल्याच दिवशी त्याने माडीवर जाऊन पाहणी केली, आणि खाली येऊन म्हणाला, "आजोबा, तुमचा तो फलाटावरचा माणूस आईच्या इंजिनात बसू शकतो, पण मामाच्या इंजिनात शिरला तर त्याचं डोकं आपटेल."

वर जाऊन पट्टी लावून बघितली. बरोबर होतं. साडेपाच फुटांचा माणूस एचओत १९ मिलिमीटरचा होतो आणि ओओत २२ चा. सहा फुटांचं दार एचओत २१ मिलिमीटर आणि ओओत २४. माझी माणसं ओओची निघाली. २२ मिलिमीटरचा माणूस २१ मिलिमीटरच्या दारासमोर उभा करून मी एवढी वर्षं त्याच्याकडे कौतुकाने बघत होतो!

मी शाळेत तीस-पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. 'नकाशाचे प्रमाण' हा माझा हातखंडा धडा. १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात अर्धा किलोमीटर, हे मी किती तुकड्यांकडून घोकून घेतलं असेल याची गणती नाही. आणि माझ्याच घरात अकरा वर्षांचं पोर मला प्रमाण शिकवत होतं. बरं वाटलं आणि थोडं झोंबलंही.

मग आम्ही दोघांनी मिळून सगळ्या लेआउटची झडती घेतली. आणि मंडळी, काय सांगू, प्रमाणात असं फारसं काही नव्हतंच!

पहिले रूळच घ्या. आपल्याकडचा ब्रॉड गेज १,६७६ मिलिमीटर. डलहौसीला सहा फूट हवे होते, विलायतेत तर चार फूट साडेआठ इंच चालत होते, शेवटी साडेपाच फुटांवर तडजोड झाली. १:८७ ने ते १९ मिलिमीटरच्या थोडं वर येतं. माझे रूळ १६.५ चे, म्हणजे साहेबाच्या मापाचे. खडवली स्टेशनात मी इंग्लंडचे रूळ टाकून बसलोय. दुसरं वळण. माझं वळण दीड फूट त्रिज्येचं. खऱ्या जगात ते ४० मीटर होईल. आपल्या ब्रॉड गेजला १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण चालत नाही. ते नीट करायचं तर नुसत्या अर्ध्या वळणाला चार मीटर रुंद खोली हवी. तिसरं म्हणजे लोकल. बारा डब्यांची लोकल १:८७ ने जवळजवळ तीन मीटर लांब होते. माझं अख्खं गाव अडीच मीटरचं. त्यामुळे माझ्या फलाटावर चारच डब्यांची लोकल लागते आणि तिच्यात कसाऱ्यापर्यंत बसायला जागा मिळते.

"म्हणजे सगळंच खोटं आहे," ईशान म्हणाला.

मी म्हटलं, तसं नाही. लांबी, वळण आणि रूळ यांत सगळेच सूट घेतात, मोठमोठ्या हौशी लोकांनाही घ्यावी लागते. माणूस आणि दार यांत मात्र घेऊ नये, डोळा तिथेच पहिल्यांदा अडकतो. त्याला पटवायला मी त्याला नेरळला घेऊन गेलो. तिथे माथेरानची गाडी उभी असते. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांनी सुरू केलेली, दोन फुटांच्या रुळांची. पलीकडे कर्जत लोकल साडेपाच फुटांच्या रुळांवर. शेजारी शेजारी बघितलं तर एक दुसरीचं पिल्लू वाटतं. पण दोन्ही गाड्यांत शिरणारी माणसं तीच. माथेरानच्या गाडीत जरा वाकून शिरावं लागतं एवढंच. लहान इंजिन म्हणजे चुकीच्या मापाचं इंजिन नव्हे, हे त्याला तिथे न सांगता कळलं. मिरजेला तर एके काळी तिन्ही गेज एका स्टेशनात नांदत होते.

परत आल्यावर आम्ही नियम केले. इंजिन आणि त्याचे डबे एकाच मापाचे ठेवायचे. ओओची माणसं ओओच्या गाडीजवळ, म्हणजे पुढच्या फलाटावर. एचओ मागच्या फलाटावर, आणि तिथे १९ मिलिमीटरची माणसं. ओळखीच्या एकांनी जपानहून आणलेलं एन मापाचं, १:१५० चं, नऊ मिलिमीटरच्या रुळांवरचं इंजिन इतकी वर्षं कपाटात होतं. त्याला सगळ्यात मागे, डोंगराच्या कुशीत एक रूळ टाकून दिला. जवळचं मोठं, लांबचं लहान. नाटकाच्या पडद्यावर रंगवलेला रस्ता असतो ना, तसं. आता ते तिथून जातं तेव्हा गाडी आसनगावच्या पलीकडे असल्यासारखी वाटते.

सगळं मार्गी लागलं आणि ईशानची नजर कपाटावर गेली. "आणि हे?"

कपाटावर दादाचा खेकडा होता.

आता ही गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी.

माझा थोरला भाऊ कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होता. त्याच्या हाताखालून गेलेल्या इंजिनांपैकी त्याचं सगळ्यात आवडतं म्हणजे घाटातलं जुनं विजेचं इंजिन. १९२८ सालापासून आलेली ही इंजिनं, काही स्वित्झर्लंडची आणि बाकीची इंग्लंडमध्ये बांधलेली. मधे केबिन, दोन्हीकडे लांब नाकाडं, आणि बाजूने खालीवर होणारे जाड दांडे. साहेब लोक त्याला मगर म्हणत. आपल्या लोकांनी त्याचं नाव 'खेकडा' ठेवलं. चालताना ते डुलायचं आणि उभं असताना कण्हल्यासारखा आवाज करायचं. कसारा घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे, तिथे ही इंजिनं राबली. एक आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

१९८६ ची दिवाळी. माझा मुलगा सहा वर्षांचा. अंगणात आम्ही किल्ला केला होता. दादा भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आला तो वर्तमानपत्रात काहीतरी मोठं गुंडाळून. आत खेकडा. डालड्याच्या डब्यांचा पत्रा, सायकलच्या स्पोकचे दांडे, लेथवर कातलेली लाकडी चाकं आणि फाटकाला लावून उरलेला तांबडा ऑइलपेंट. ढकललं की बाराही चाकं फिरत आणि दांडे खालीवर होत. मुलगा तर आनंदाने नाचायलाच लागला.

आणि मी फूटपट्टी आणली.

का आणली? मास्तर होतो म्हणून, दुसरं काय. लांबी ४६ सेंटिमीटर भरली. खरं इंजिन साधारण २० मीटर, म्हणजे प्रमाण १:४३. मग चाकं मोजली. सहा सेंटिमीटर. त्या प्रमाणात ती तीनच्या आत हवीत. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "दादा, चाकं दुप्पट झाली की रे. प्रमाण चुकलं."

मागे अंगणात आमचा किल्ला होता. त्यावर महाराज दरवाज्याच्या दुप्पट उंच बसले होते, मावळ्याच्या मानाने वाघ शेळीएवढा होता, आणि पायथ्याशी प्लास्टिकची ॲम्बेसेडर उभी होती. त्याला मी पट्टी लावली नव्हती. महाराज मोठेच असायचे, त्यात काय मोजायचं! वर्गात अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातलं चित्र शिकवताना मीच सांगायचो की यशोधरा आणि राहुल यांच्यासमोर बुद्ध एवढा मोठा काढलाय, कारण चित्रकाराला तो तेवढा दिसत होता.

दादा हसला. मला तो मास्तरच म्हणायचा. "मास्तर, तुमचं बरोबर असेल. चाकं बदलून आणतो," म्हणाला, आणि जाताना खेकडा पुन्हा गुंडाळून घेऊन गेला. मुलगा रडला. त्याला मी दुसऱ्या दिवशी कल्याणहून चावीची गाडी आणून दिली.

आमचं काही बिनसलं नाही. दादा दर दिवाळीला यायचा, मी त्याच्याकडे गणपतीला जायचो. फक्त खेकडा परत आला नाही, आणि आमच्या घरासाठी दादाने पुन्हा कधी हाताने काही केलं नाही. मीही विचारलं नाही. माझं बोलणं बरोबर होतं, आणि बरोबर बोललेल्याची माफी कशी मागायची ते मला कळत नव्हतं. २०१९ साली दादा गेला.

यंदा एप्रिलमध्ये पुतण्याने घराची रंगरंगोटी काढली. माळ्यावर खेकडा सापडला. वहिनीने तो रिक्षात घालून, पुतण्याला बरोबर देऊन माझ्याकडे पाठवला. सोबत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात लाकडाची बारा चाकं. पट्टी लावून बघितली. पावणेतीन सेंटिमीटर. अगदी प्रमाणात.

म्हणजे त्याने चाकं केली होती. बसवली मात्र नव्हती.

तीन-चार दिवस मी तो डबा उघडून परत बंद करत होतो. शेवटी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "बसवली होती भाऊजी त्यांनी. एक दिवस ठेवली. मग म्हणाले, आता हे खेळणं वाटतं. परत काढली."

मी विचारलं, पण आधीची एवढी मोठी का केली होती?

"आता मला काय ठाऊक? पण भाऊजी, ते इंजिनाच्या खाली खड्ड्यातच उभे असायचे ना कायम. त्यांना चाकंच दिसायची."

शेडमध्ये इंजिनाखाली पिट असतो. फिटर त्यात उतरून काम करतो. चाकं डोक्याच्या पातळीला, दांडे हाताला, आणि वरचा तो सगळा देखणा देह नजरेच्या बाहेर. मी खेकडा बघितला तो फलाटावरून किंवा लोकलच्या खिडकीतून. दादाने तो उभी हयात खालून बघितला. मी मोजायला बसलो तेव्हा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मुलांना शिकवताना मात्र मी नेहमी सांगायचो की नकाशा हातात घेतला की आधी प्रमाण बघा आणि दिशा बघा.

हे सगळं मी ईशानला सांगितलं. तो शहाणा आहे, ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण आजोबा, लहान चाकं आहेत ना डब्यात. बसवूया. मग तो १:४३ होईल, ओ स्केल. खरा."

मी नाही म्हणालो. पहिल्यांदाच त्याला नाही म्हणालो. तो थोडा खट्टू झाला. "मग लेआउटवर कसा ठेवणार? रुळांवर बसणार नाही, सगळ्यांपेक्षा मोठा दिसेल."

हे खरंच होतं. फलाटाजवळ ठेवला तर खेकड्याने स्टेशन गिळल्यासारखं दिसायचं. आठवडाभर आम्ही जागा शोधली. शेवटी प्लायवूडच्या अगदी पुढच्या कडेला, स्टेशनपासून वेगळी, एक फळी जोडली. मागे लहान, मधे मध्यम, पुढे मोठं, हा आमचा नियम तसाही होताच. त्या फळीवर दोन उंच पट्ट्या ठोकल्या आणि मधे पोकळी ठेवली. त्यावर खेकडा. जवळ एकही माणूस ठेवला नाही, दार मोजायला कुणी नको. समोर सौ.चा स्वयंपाकघरातला ठेंगणा स्टूल. त्यावर बसलं की डोळे बरोबर चाकांच्या पातळीला येतात. वरचं नाकाड नीट दिसत नाही. चाकं आणि दांडेच दिसतात, आणि त्यांच्या मधून मागे, लांबवर, खडवली स्टेशन.

ईशान ऑगस्टच्या शेवटी परत गेला. जायच्या आदल्या दिवशी स्टुलावर बसून त्याने बराच वेळ खेकडा मागेपुढे ढकलला. "इथून ठीक दिसतो," म्हणाला. मग उभा राहून म्हणाला, "इथून नाही."

दसऱ्याला वहिनी आली. शेडमध्ये दसऱ्याला इंजिनांना हार घालतात, दादा असताना ती मुलांना घेऊन बघायला जायची. माडीवर येताना तिने पिशवीतून झेंडूची माळ आणली होती. गुडघे दुखतात, तरी स्टुलावर बसली. खेकड्याला माळ घातली. ती फारच मोठी झाली, दोन वेढे द्यावे लागले तेव्हा कुठे बसली. सौ. म्हणाली, "लहान आणायला हवी होती." वहिनी म्हणाली, "राहू दे."

बारा चाकांचा तो डबा मी कपाटात ठेवला आहे. मुलगा डिसेंबरात न्यू जर्सीहून येतोय. त्याला खेकडा आठवतो का, हे मी अजून फोनवर विचारलेलं नाही. वर गेल्यावर कळेलच.